डेमोतला खोका सरळच का ठेवतात?

टिटवाळ्याहून लोकल पकडून कल्याण-ठाण्याच्या कॉलेजांत जाणाऱ्या डिप्लोमाच्या पोरांच्या सॅकमध्ये प्रोजेक्टच्या दिवसांत एक गाडी हमखास असते: अडथळा आला की वळणारी. पुढे एचसी-एसआर०४ सेन्सर. त्याची एक डबी ४० किलोहर्ट्झचा, माणसाला ऐकू न येणारा आवाज सोडते, दुसरी प्रतिध्वनी टिपते. वटवाघळाचीच युक्ती.

पोरांचं गुपित असं की डेमोत खोका गाडीसमोर अगदी सरळ ठेवायचा. तिरका ठेवला की आवाज त्यावरून घसरून भलतीकडे जातो, परत येतच नाही. गाडीला वाटतं रस्ता मोकळा आहे, आणि ती थेट धडकते. जाड पडदाही फसवतो. तो आवाज गिळतो. शिवाय प्रतिध्वनी परतायला लागलेल्या वेळेवरून अंतर काढायला सगळे एकमेकांच्या कोडमधून ५८ चा भागाकार उतरवतात. तो आकडा वीस-बावीस अंशांच्या हवेचा. टिटवाळ्याच्या पस्तीस अंशांत आवाज जास्त वेगाने धावतो आणि मीटरभरावरची भिंत दोन सेंटिमीटर जवळ दिसते.

वटवाघळाची ही युक्ती उलगडणाऱ्या खुद्द डोनाल्ड ग्रिफिनलाही दिशेने चकवलं होतं. १९३८ मध्ये हार्वर्डचा हा विद्यार्थी वटवाघळं घेऊन भौतिकशास्त्रज्ञ जॉर्ज पिअर्स यांच्या, माणसाला ऐकू न येणारे आवाज टिपणाऱ्या यंत्रापाशी गेला. पिंजऱ्यातल्या वटवाघळांचे आवाज यंत्राने लगेच पकडले. पण तीच खोलीत उडू लागली तेव्हा यंत्र जवळजवळ गप्प! त्यामुळे हे आवाज वाट शोधण्यासाठी आहेत असं ठामपणे म्हणायला दोघे धजले नाहीत. वटवाघूळ तोंड असेल तिकडेच आवाज फेकतं आणि यंत्रही समोरचंच ऐकायचं, एवढंच कारण होतं. पुढे रॉबर्ट गॅलंबॉससोबत ग्रिफिनने वटवाघळांचे कान आणि तोंडं बंद करून पाहिली, तेव्हा ती अडथळ्यांवर आपटू लागली आणि कोडं सुटलं.

म्हणून तेल अवीव विद्यापीठातल्या इतामार एलियाकिम, योसी योवेल आणि सहकाऱ्यांचा २०१८ चा 'रोबॅट' हा रोबो मला फार मोलाचा वाटतो. एक स्पीकर आणि कानांच्या जागी दोन माइक. दर अर्ध्या मीटरला तो थांबतो, तीन दिशांना वळून आवाज टाकतो आणि मगच पुढे सरकतो. समोर झाड आहे की दुसरं काही, हे तो शंभरातल्या ६८ वेळा बरोबर ओळखायचा.

आपल्या पोरांना स्वस्तातली सर्वो मोटर लावून सेन्सरची मान फिरवता येतेच. तेव्हा यंदा खोका परीक्षकांनी स्वतः ठेवावा, तोही तिरका. आणि मान वळवून तो शोधणाऱ्या गाडीला गुण जास्त द्यावेत.