पाव ग्रॅमची किमया

हिंगोली जिल्ह्यातल्या औंढा नागनाथ तालुक्यात पूर्णा नदीवर सिद्धेश्वरचं धरण आहे. वरच्या अंगाला येलदरी, खाली सिद्धेश्वर. या धरणाच्या पाण्यात एक मीटर खाली गेलं की अंगाच्या प्रत्येक चौरस सेंटिमीटरवर पाण्याचा १०० ग्रॅम भार पडतो. दहा मीटर खाली गेलं तर एक किलो. आणि पाण्यात न उतरता काठावर नुसतं उभं राहिलं, तरी हवेचा भार जवळपास तेवढाच असतो. मोठ्या माणसाच्या कातडीचं क्षेत्रफळ साधारण पावणेदोन चौरस मीटर धरलं, तर आपण प्रत्येक जण १७ टन हवेचा दाब अंगावर वागवत असतो. त्याचा आपल्याला पत्ताही नसतो.

आता आठ किलोचं एक पांघरूण घेऊ. लांबी दोन मीटर, रुंदी दीड मीटर. त्याचा भार चौरस सेंटिमीटरला जेमतेम पाव ग्रॅम पडतो. हवेच्या तुलनेत हा सुमारे पावणेचार हजारावा हिस्सा. पण हा पाव ग्रॅम अंगाला लगेच कळतो. एवढंच नव्हे, रात्र-रात्र कूस बदलणाऱ्या काही माणसांना तो झोपही मिळवून देतो, असं प्रयोगात दिसलं आहे. १७ टन कळत नाहीत आणि पाव ग्रॅम कळतो, हे कसं काय?

कारण कातडी वजन मोजतच नाही. आपण स्वतः किती दबलो, किती वाकलो, किती ताणलो गेलो, एवढंच तिला समजतं. हवा चहूबाजूंनी सारखी दाबते आणि शरीराच्या आतूनही तितकाच रेटा असतो. कातडी जागची हलत नाही, त्यामुळे मेंदूकडे खबर जात नाही. पांघरूण मात्र वरून दाबतं, तेही कुठे जास्त, कुठे कमी. खांद्यावर टेकतं, कमरेच्या खळग्यात सैल राहतं, पायाच्या नडगीवर पुन्हा टेकतं. कातडी किंचित वाकते आणि खबर निघते.

ही खबर नेमकी निघते कुठून, हे कळायला २०१० साल उजाडावं लागलं. बैरुतमध्ये जन्मलेले आणि अमेरिकेत काम करणारे आर्डेम पटापौटियन आणि त्यांचे सहकारी एका पेशीला अतिसूक्ष्म नळीने टोचत होते. टोचलं की पेशीत विजेची बारीकशी लहर उठायची. ही लहर कोणत्या जनुकामुळे उठते हे शोधायला त्यांनी ७२ संशयित जनुकं निवडली आणि एकेक बंद करत गेले. शेवटी एक जनुक बंद केल्यावर पेशी मुकी झाली. त्यातून पिएझो-१ हे प्रथिन सापडलं आणि पाठोपाठ त्याचं भावंड पिएझो-२. पेशीच्या आवरणात बसलेला हा दरवाजा आवरण ताणलं गेलं की उघडतो, विद्युतभारित कण आत शिरतात आणि मज्जातंतूतून निरोप सुटतो. स्पर्श आपल्याला कळतो तो मुख्यतः पिएझो-२ मुळे. डोळे मिटूनही आपला हात कुठे आहे, पाय दुमडलेला आहे की सरळ, हेही त्याच्याचमुळे कळतं. या शोधासाठी पटापौटियन यांना २०२१ चं नोबेल पारितोषिक विभागून मिळालं.

ही यंत्रणा किती बारकाईने मोजते? स्टॉकहोममध्ये २०१३ साली झालेल्या एका प्रयोगात लोकांना गुळगुळीत आणि सूक्ष्म वळ्या असलेल्या पृष्ठभागांवरून बोट फिरवायला दिलं होतं. १३ नॅनोमीटर उंचीच्या वळ्या बोटाने ओळखल्या. केसाच्या जाडीचा हा काही हजारावा भाग झाला. सिद्धेश्वरच्याच तालुक्यात लायगो-इंडिया ही गुरुत्वीय लहरींची वेधशाळा उभी राहणार आहे. प्रोटॉनच्या व्यासाच्या दहा हजाराव्या भागाइतकी हालचाल टिपायची तिची ताकद असेल. तिच्याशी बोटाची बरोबरी नाही. पण वेधशाळेला त्यासाठी चार-चार किलोमीटरचे दोन बाहू लागतात, आणि आपल्याला कातडीचा तुकडा पुरतो.

एकसारख्या दाबाची मज्जातंतूंना लवकर सवय होते. अंगठी घातल्याचं दिवसभर जाणवत नाही ते त्यामुळेच. पण कातडीतले काही तंतू दाब टिकून असेपर्यंत निरोप देतच राहतात. शिवाय झोपलेल्या माणसाची छाती प्रत्येक श्वासाबरोबर वर उठते आणि पांघरुणाचा भार किंचित सरकतो, म्हणून त्याची खबर जातच राहते.

दाबाने जीव शांत होतो, याकडे जगाचं लक्ष वेधलं ते टेंपल ग्रँडिन यांनी. १९४७ साली जन्मलेल्या या अमेरिकन पशुविज्ञान-तज्ज्ञ बाई स्वतः ऑटिझम असलेल्या. लहानपणी कोणी मिठी मारली तर त्यांना सहन होत नसे, पण अंगावर घट्ट दाब मात्र हवासा वाटे. तरुणपणी ॲरिझोनात मावशीच्या गुरांच्या वाडीवर त्यांनी पाहिलं, की लस टोचण्यासाठी जनावर खोड्यात घेऊन दोन्ही बाजूंनी आवळलं, की धडपडणारं जनावर बरेचदा निवांत होतं. आपल्याकडच्या गुरांच्या दवाखान्यातही खोडा असतो. ग्रँडिन यांनी स्वतःसाठी तसाच लाकडी खोडा बनवला, बाजू किती आवळायची हे आपल्याच हाती राहील असा. १९९२ साली त्यांनी त्यावर शोधनिबंध लिहिला. पुढे ऑटिझम असलेल्या मुलांसाठी जड जॅकेटं आणि जड पांघरुणं वापरात आली आणि तिथून ती निद्रानाशाच्या बाजारात पोचली.

या पांघरुणांची नीट पारख स्वीडनच्या कॅरोलिन्स्का संस्थेतल्या संशोधकांनी केली. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात नैराश्य, चिंताविकार, बायपोलर किंवा एडीएचडी असलेले आणि झोप न लागणारे १२० जण होते. चिठ्ठ्या टाकाव्यात तसे त्यांचे दोन गट केले. एका गटाला धातूच्या साखळ्या शिवलेलं आठ किलोचं पांघरूण दिलं. ज्यांना ते फार जड झालं त्यांना सहा किलोचं. दुसऱ्या गटाचं पांघरूण तसंच दिसणारं, पण प्लॅस्टिकच्या साखळ्यांचं, दीड किलोचं. चार आठवड्यांनी जड पांघरुणाच्या गटातल्या सुमारे ५९ टक्के लोकांचा निद्रानाश निम्म्यावर किंवा त्याहून खाली आला होता. हलक्या पांघरुणाच्या गटात हे प्रमाण होतं ५ टक्के. मध्येच जाग येणं घटलं आणि दिवसाचा थकवाही.

असे आकडे औषधांच्या चाचण्यांतही सहसा दिसत नाहीत, आणि म्हणूनच ते दोनदा वाचावेत. गोळी साखरेची की औषधाची हे रुग्णापासून लपवता येतं. पांघरूण जड की हलकं हे कसं लपवणार? ज्याच्या वाट्याला जड आलं त्याची आशा वाढलेली असणार. मोजमापही मुख्यतः लोकांनी भरलेल्या प्रश्नावलीचं होतं. शिवाय हे सगळे मनोविकारांवर उपचार घेणारे लोक. कर्जाच्या, लग्नाच्या काळजीने ज्याची झोप उडाली आहे त्याला हाच आकडा लागू पडेल असं नाही.

दोन वर्षांनी स्वीडनमध्येच, उप्साला विद्यापीठात, एक छोटा प्रयोग झाला. २६ तरुण-तरुणी, सगळे निरोगी झोपेचे. एका रात्री अंगावर शरीराच्या वजनाच्या १२ टक्के भाराचं पांघरूण, दुसऱ्या रात्री सुमारे अडीच टक्क्यांचं. झोपण्याआधी दर थोड्या वेळाने लाळेचे नमुने घेतले. अंधार पडल्यावर शरीर मेलाटोनिन हे झोपेशी निगडित संप्रेरक सोडू लागतं. जड पांघरुणाच्या रात्री ते सुमारे ३२ टक्के जास्त वाढलं. नुसत्या पाव ग्रॅमच्या दाबाने मेंदूच्या गाभ्यातल्या वाटाण्याहून लहान, मेलाटोनिन बनवणाऱ्या पिनियल ग्रंथीपर्यंत निरोप पोचावा, यात थक्क होण्यासारखं पुष्कळ आहे. पण त्या रात्री ही माणसं जास्त वेळ झोपली नाहीत, आणि ताणाचं संप्रेरक कॉर्टिसॉलही कमी झालं नाही. २०१४ साली इंग्लंडमध्ये ऑटिझम असलेल्या ६७ मुलांवर झालेल्या चाचणीतही जड पांघरुणाने झोपेचे तास वाढले नव्हते. मुलांना आणि पालकांना मात्र जड पांघरूणच आवडलं. झोपेची मिनिटं वाढली नाहीत तरी झोपण्याचं सुख वाढतं, असा या पुराव्याचा कल दिसतो. कूस बदलत पडलेल्या माणसाला ते सुखही थोडं नसतं.

आता पुन्हा सिद्धेश्वरकडे. या भागात डिसेंबर-जानेवारीत पारा दहाच्या खाली उतरतो आणि घरोघरी वाकळी बाहेर निघतात. झिजलेली लुगडी, धोतरं, सदऱ्यांचे तुकडे थरावर थर रचून धावदोऱ्याने शिवलेली ही गोधडी. थर वाढले की तीन-चार किलो भरते. धनगरांच्या घरात दख्खनी मेंढीच्या लोकरीची, चिंचोक्याची खळ दिलेली घोंगडी असते, तीही अंगावर जाणवेल अशी. परदेशी कारखान्यांना जड पांघरूण करताना एक अडचण नेहमी येते: आतले काचेचे मणी एका कोपऱ्यात जमा होतात. म्हणून ते लहान-लहान चौकोनी कप्पे शिवतात. गोधडीत ही अडचणच नाही. भार वेगळा भरायचा नसून कापड हेच तिचं वजन, आणि बोटभर अंतरावर घातलेला टाका ते जागचं हलू देत नाही.

यावरून ‘आपल्या आज्यांना हे सगळं आधीच ठाऊक होतं’ असं म्हणायचा मोह होईल. तो आवरलेला बरा. गोधडी थंडीसाठी आणि काटकसरीसाठी शिवली गेली, निद्रानाशासाठी नव्हे. दिवसभर रानात राबलेल्या बाईला झोपेसाठी साखळ्या लागत नव्हत्या. वजन हे तिच्या शिवणाचं आपसूक आलेलं फळ. आणि उबेचा वाटाही विसरून चालणार नाही. स्वित्झर्लंडमधल्या संशोधकांनी १९९९ साली दाखवलं, की हातापायांची कातडी ऊबदार झाली की रक्त तिकडे वळतं, शरीराच्या गाभ्याचं तापमान उतरतं आणि झोप लवकर लागते. हिवाळ्यातली गोधडी दाब आणि ऊब एकदमच देते. कोणामुळे किती झोप आली हे तिथे वेगळं काढता येत नाही. उलट मे महिन्यात, पारा चाळिशी ओलांडतो तेव्हा, तीच गोधडी झोप उडवेल.

पांघरुणाच्या हाताबाहेरचीही कारणं आहेत. शेतीपंपाची वीज अनेक ठिकाणी काही दिवस रात्रीच येते, तेव्हा पिकाला पाणी देण्यासाठी दारं धरायला मध्यरात्री उठावं लागतं. पिकात रानडुकरं शिरतात म्हणून जागल असते. एक आठवडा दिवस आणि एक आठवडा रात्र, अशी फिरणारी झोप कुठल्याच वजनाने जाग्यावर येत नाही. तिथे वीज दिवसा मिळणं हाच उपाय.

पण ज्याला अंथरुणात वेळेवर पडता येतं आणि तरी डोळा लागत नाही, त्याने हजारो रुपयांचं पांघरूण मागवण्याआधी घरातली गोधडी वजनकाट्यावर ठेवावी. विक्रेते शरीराच्या वजनाचा दहावा हिस्सा सांगतात. त्यामागे पक्कं संशोधन नाही, तो अंदाज आहे. हिवाळ्यात एकावर एक दोन गोधड्या घेऊन दोन-तीन आठवडे पाहावं. बरं वाटलं तर उत्तम. जीव गुदमरल्यासारखं वाटलं तर लगेच सोडून द्यावं. आठवड्यातून तीन रात्री, असं तीन महिने झोप लागत नसेल, तर तो जुनाट निद्रानाश. त्यावर डॉक्टर आधी सुचवतात ती सीबीटी-आय ही वर्तनोपचाराची पद्धत: उठण्याची वेळ रोज एकच, झोप नसेल तर अंथरुणात पडून न राहणं, झोपेच्या धास्तीवर काम. जड पांघरूण तिच्या जोडीला चालेल, तिच्या जागी नाही.

आणि एक गोष्ट अगदी बजावून. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०२२ मध्ये स्पष्ट सांगितलं आहे, की तान्ह्या बाळाच्या अंगावर किंवा जवळही वजनाचं पांघरूण ठेवू नये. कॅनडाच्या क्युबेक प्रांतात २००८ साली ऑटिझम असलेला नऊ वर्षांचा मुलगा शाळेत जड पांघरुणात गुंडाळलेला असताना दगावला. घोरताना श्वास अडकणारे, दम्याचे रुग्ण, अशक्त म्हातारी माणसं यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय हा प्रयोग करू नये. ज्याला आपलं पांघरूण आपल्या हाताने बाजूला सारता येत नाही, त्याच्या अंगावर ते कधीही घालू नका.