नवी आवृत्ती कधी देता?

आमच्या महाविद्यालयाच्या संगणक-प्रयोगशाळेत डेबियन ही प्रणाली आहे. लिनक्सच्या गाभ्याभोवती हजारो प्रोग्राम गोळा करून, पारखून, गाठोडी बांधून जो संच फुकट वाटला जातो त्याला डिस्ट्रिब्यूशन म्हणतात. डेबियन हे त्यांपैकीच एक, १९९३ साली इयान मर्डॉक याने सुरू केलेले. यातल्या एकेका गाठोड्याला पॅकेज असे नाव आहे.

जानेवारी २०२४ मध्ये मला एका प्रोग्रामची नवी आवृत्ती हवी होती. मूळ लेखकाने ती काढून सात महिने झाले होते. आमच्या यंत्रांवर मात्र जुनीच. मी तणतणत सरांकडे गेलो. सर म्हणाले, "माझ्याकडे काय मागतोस? ज्यांच्याकडे मागायचं त्यांच्याकडे माग."

डेबियनमध्ये प्रत्येक पॅकेजला सांभाळणारा कोणीतरी असतो, बहुधा बिनपगारी. त्याच्याकडे करायच्या तक्रारी एका सार्वजनिक वहीत नोंदल्या जातात. प्रत्येकीला क्रमांक मिळतो, गांभीर्यानुसार प्रत लागते. नव्या आवृत्तीच्या मागणीला सर्वांत खालची प्रत, 'विशलिस्ट'. हे पाहून माझा थोडा अपमानच झाला!

उत्तर आले चार ओळींचे. नवे पॅकेज प्रथम 'अनस्टेबल' शाखेत जाते. तिथे दोन ते दहा दिवसांत कोणी गंभीर दोष दाखवला नाही, तर ते 'टेस्टिंग'मध्ये उतरते. 'स्टेबल' मात्र साधारण दोन वर्षांनी निघते आणि निघाल्यावर गोठते. तिच्यात सुरक्षेचा दोष सापडला, तर नव्या आवृत्तीतली तेवढीच दुरुस्ती काढून जुन्या कापडाला ठिगळासारखी शिवतात. कापड बदलत नाहीत. आमची 'बुकवर्म' जून २०२३ ची होती. (पुढची 'ट्रिक्सी' आली ऑगस्ट २०२५ मध्ये, एवढा काळ कोण थांबणार?) ज्यांना धीर नाही त्यांच्यासाठी 'बॅकपोर्ट्स' म्हणून वेगळे कोठार आहे. माझे पॅकेज तिथे नव्हते. कोणी तपासून दाखवले तर ठेवू, असे त्या उत्तरात होते.

मूळ लेखकांनाही हा संथपणा जाचतो. एक्सस्क्रीनसेव्हरचा कर्ता जेमी झाविन्स्की याच्याकडे कधीच दुरुस्त झालेल्या दोषांच्या तक्रारी येत राहिल्या. त्याने प्रोग्राममध्येच 'ही आवृत्ती फार जुनी आहे' असा इशारा घालून ठेवला. २०१६ मध्ये तो डेबियन वापरणाऱ्यांना दिसू लागला आणि मोठा वाद झाला. माझी सहानुभूती तेव्हा सर्वस्वी झाविन्स्कीकडे होती.

मग मार्च उजाडला. एक्स-झेड हे फाइली आकसून लहान करणारे साधे साधन. ते वर्षानुवर्षे लासे कोलिन हा एकटा सांभाळत होता. २०२२ मध्ये काही अनोळखी नावांनी त्याच्यामागे टुमणे लावले: काम फार रेंगाळते, दुसऱ्या कुणाला हाताशी घ्या. 'जिया तान' नावाचा मदतनीस तयारच होता. हळूहळू अधिकार त्याच्या हाती आले. फेब्रुवारी २०२४ मध्ये निघालेल्या ५.६.० या आवृत्तीत त्याने एक चोरदरवाजा दडवला. दूरच्या यंत्रात शिरण्यासाठी जी एसएसएच सेवा असते, तिला काही डिस्ट्रिब्यूशनांत एक्स-झेडचा भाग आडमार्गाने जोडला जातो. त्या वाटेने परक्याला आत येता यावे, ही योजना. २५ मार्चला 'हान्स यान्सेन' या नावाने डेबियनच्या वहीत मागणी नोंदली गेली: ५.६.१ ही आवृत्ती घ्या. आणखी अनोळखी नावांनी तिला दुजोरा दिला. ही सारी मंडळी एकाच कटातली असावीत, असा जाणकारांचा दाट संशय आहे. दूषित माल त्याआधीच टेस्टिंगपर्यंत पोचला होता.

पोस्टग्रेस या डेटाबेसवर काम करणाऱ्या आंद्रेस फ्रॉइंडला आपल्या यंत्रावर एसएसएचने शिरताना सुमारे अर्धा सेकंद जास्त लागतो, असे दिसले. अर्धा सेकंद! आपल्यापैकी कोण लक्ष देईल? त्याने मूळ खणून काढले आणि २९ मार्चला सर्वांना सावध केले. डेबियनने जुना माल परत आणला; पण आवृत्तीचा आकडा मागे नेता येत नाही, म्हणून क्रमांक दिला '५.६.१+रिअली५.४.५', म्हणजे 'खरे तर ५.४.५'. स्टेबलला यातले काहीच लागले नव्हते. आमची प्रयोगशाळा निवांत होती.

त्या रात्री मी माझी जानेवारीची विनंती पुन्हा वाचली. 'कृपया लवकर घ्यावी, अनेकजण खोळंबले आहेत.' कोण अनेकजण? मी एकटाच होतो. हान्स यान्सेनच्या मागणीत निदान तांत्रिक कारण तरी दिलेले होते.

उन्हाळ्याच्या सुट्टीत सरांच्या परवानगीने दोन यंत्रांवर ते पॅकेज बुकवर्मसाठी बांधून पाहिले. कोणती फाइल उघडते, कोणती अडते, जुन्या आवृत्तीत नेमके काय बिघडत होते, हे टिपून जुन्याच क्रमांकाखाली पाठवले. आठव्या दिवशी उत्तर आले, पुन्हा चारच ओळींचे. पहिल्या तीन ओळींत माझ्या टिपणातल्या चुका होत्या. चौथीत लिहिले होते की पॅकेज बॅकपोर्ट्सकडे धाडले आहे.