पाखरांची मधली सुटी
मधल्या सुटीत भाकरी मिळाली नाही तर पुढची पाळी ओढवत नाही, हे आम्हां कामगारांना सांगावयास नको. गॉडविट पाखराचेही तसेच. न्यूझीलंडहून अलास्काकडे जाताना ते पीत समुद्राच्या किनारी उतरते. ओहोटीच्या चिखलातले किडे-शिंपले खाऊन चरबी साठवते. हा किनारा काही उत्तर कोरियात आहे. जगापासून तुटलेल्या त्या देशात न्यूझीलंडचे पक्षिनिरीक्षक २००९ साली पाखरे मोजावयास गेले. २०१८ साली तो देश पाणथळांच्या रामसर करारात आला. मुंडोक व रासोन ही ठिकाणे नोंदली गेली. राजकारणातले वैर त्याने मिटले नाही. पण एकाने चिखल बुजवला तर दुसऱ्याच्या अंगणातले पाखरू कमी होते, एवढे उभयतांस पटले. एकजुटीचा आरंभ, आम्ही म्हणतो, एवढ्यावरही होतो.