पातळ शेण दिसले तर आधी गव्हाण पाहा



गळीत हंगाम सुरू झाला की दावणीला वाढ्यांची चंगळ असते. कडबा वाचतो म्हणून बरेच जण नुसते वाढेच टाकतात. मग गट ऑफिसला तक्रारी येऊ लागतात : "साहेब, गाय पातळ शेण टाकतेय, दूध आटलं. हिंग-ओवा दिला की दोन दिवस बरं, परत तेच." औषधाने दोन दिवस उतार पडतो, पण दुखण्याचे मूळ गव्हाणीतच राहते.

गाई-बैलांच्या कोठीपोटात असंख्य सूक्ष्म जीव असतात. चारा पचवण्याचे मोठे काम तेच करतात. नवा चारा अंगवळणी पडायला त्यांना दहा-पंधरा दिवस लागतात. काल कडबा आणि आज एकदम हिरवे वाढे, असे केले की पचन बिघडणारच. शिवाय वाढ्यांत ऑक्झॅलेट असते. ते चाऱ्यातल्या कॅल्शियमला, म्हणजे चुन्याला, बांधून ठेवते आणि तो अंगी लागत नाही. दुभती गाय मग आपल्या हाडांतला चुना दुधात घालते आणि खंगत जाते.

लक्षण दिसले की मागचे पंधरा दिवस आठवावेत :

१) चारा एकदम बदलला का?

२) लग्नाकार्यातला उरलेला भात, पोळ्या किंवा जादा धान्य खाण्यात आले का? यात रवंथ बंद पडते, शेणाला आंबूस वास येतो. जनावर दगावूही शकते.

३) जंताचे औषध कधी दिले होते? पाणी स्वच्छ आहे का?

४) जनावर पाठीची कमान करून कण्हते का? पोटात तार-खिळा गेल्याची शंका घ्यावी.

पहिले कारण असेल तर उपाय घरचाच आहे. वाढे हळूहळू वाढवावेत, पण निम्म्यापेक्षा जास्त नकोत. बाकी कडबा आणि थोडा लसूणघास द्यावा. वाढ्यांची कुट्टी करून त्यावर चुन्याची निवळी शिंपडावी. मोठ्या जनावराला रोज ५० ग्रॅम खनिज मिश्रण द्यावे. ऊस वाहणाऱ्या गाडीवानांचे बैल तर हंगामभर वाढ्यांवरच असतात. त्यांनाही हे सांगावे.

बाकीच्या तीन कारणांत मात्र पशुवैद्यकीय डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. डावी भकाळी नगाऱ्यासारखी फुगली, रवंथ थांबली किंवा जनावर कण्हू लागले, तर घरगुती औषधात वेळ घालवू नये. डॉक्टरांना ताबडतोब बोलवावे. जीभ ओढून तेल-काढा पाजू नये. तो फुप्फुसात गेला तर जनावर हातचे जाते.

शेण रोज नजरेखालून घालावे. बिघाड आधी तिथेच दिसतो.

— ऊस विकास अधिकारी, शेतकी खाते