पडदा बंद, खेळ चालू

महाराष्ट्राच्या अ‍ॅनिमेशन-गेमिंग धोरणाला सप्टेंबर २०२५मध्ये मंजुरी मिळाली. गुंतवणुकीचे आणि रोजगाराचे आकडे वाचून झाले. हे गेम खेळणाऱ्यांत अंध मुले धरली आहेत का, हा प्रश्न त्या चर्चेत फारसा आला नाही.

आपल्याकडे अशा मुलांसाठी गेम म्हणजे तयार गेमवर वाचून दाखवणारा आवाज चढवणे. ती धावती कॉमेंट्री झाली. पोराच्या हाती खेळ येत नाही. जपानचा गेमकार केंजी इनो याने सुरुवातच आवाजापासून केली. आपले चित्रांचे गेम अंध लोकही चिकाटीने खेळतात हे कळल्यावर तो त्यांना भेटला आणि १९९७मध्ये ‘रिअल साउंड’ काढला. पडद्यावर काही नाही. नुसते संवाद, संगीत, आवाज. घंटी वाजली की कथेची पुढची वाट निवडायची. गेम फक्त सेगा कंपनीला देतो, पण तिची हजार गेमयंत्रे अंधांना फुकट वाटा, अशी अट त्याने घातली आणि सेगाने ती मानली. सूचना ब्रेलमध्ये. असला हट्टी माणूस एखाद्या सरकारी समितीवर हवा होता!

आवाजाच्या गेममधली कारागिरी बारीक आहे. डावे-उजवे हेडफोनमध्ये सहज कळते. पुढचे-मागचे तितके कळत नाही. म्हणून मागून येणारा आवाज थोडा दबका करतात. शत्रूची पावले आणि सूचना एकाच वेळी वाजल्या तर दोन्ही वाया. शिवाय अंधशाळेतली सगळीच मुले पूर्ण अंध नसतात. अंधुक दिसणाऱ्यांना काळ्यावर पिवळे, जाड कडा, मोठी अक्षरे लागतात.

बहुतेक ऑडिओ गेम इंग्रजीत बोलतात. पडद्यावरचे वाचून दाखवणारे एनव्हीडीए हे सॉफ्टवेअर फुकट आहे, मराठी वाचतेही, पण यंत्रासारखे. गेममध्ये माणसाचा आवाज हवा. ‘हुकलास की रं!’ ऐकल्यावर पोरगं पुन्हा खेळेल. असे आवाज शोधायला लांब जायला नको. पहिला मराठी बोलपट ‘अयोध्येचा राजा’ १९३२मध्ये ‘प्रभात’ फिल्म कंपनीने आपल्या कोल्हापुरात केला. इथे नाटकवाले आहेत, गवई आहेत, अभियांत्रिकीची कॉलेजेही आहेत. शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट म्हणून एक गेम घ्यायला काय हरकत आहे? चाचणीला मात्र डोळ्यांवर पट्टी बांधलेला मित्र नको. तो दोन मिनिटांत बावचळतो आणि गेम फार अवघड आहे असे सांगतो. अर्धाकच्चा नमुना घेऊन पहिल्याच महिन्यात अंधशाळेत जावे, आणि पोरे ‘बोअर आहे’ म्हणाली तर पाडून पुन्हा बांधावा.