शेवटचं पान का सापडत नाही?

रूनस्केप हा ऑनलाइन खेळ मूळचा केंब्रिजचा. अँड्र्यू गावर यांनी भावाच्या साथीनं तो २००१ मध्ये सुरू केला. एप्रिल २०१० मध्ये त्यात डेमनहाइम नावाचं भुयार आलं. पुढे ते ६० मजल्यांपर्यंत वाढलं. तिथे राक्षस मारता मारता मध्येच जुन्या टिपणांची पानं सापडतात. भुयार कोणी खणलं, कशासाठी, तिथल्या प्राण्यांची काय कथा, असं काहीबाही त्यांत असतं. या पानांनी तलवारीला धार येत नाही. तरी माणसं ती सगळी जमवायला निघतात आणि शेवटच्या एक-दोन पानांपाशी अडकतात. मग वाटतं, कंपनी मुद्दाम लपवतेय.

लपवायची गरजच नसते. समजा २० पानं आहेत, प्रत्येक फेरीत एक मिळतं आणि प्रत्येकाची शक्यता सारखी आहे. (खऱ्या खेळातले नियम याहून गुंतागुंतीचे आहेत, पण मुद्दा तोच.) पहिलं पान नवंच असणार. दहा पानं जमायला सरासरी १३-१४ फेऱ्या पुरतात, म्हणून आपण खुशीत असतो. पण एकच पान उरलं की ते येण्याची शक्यता प्रत्येक फेरीत २० पैकी १, म्हणजे त्या एकट्यासाठी सरासरी २० फेऱ्या. त्याआधीच्यासाठी २० भागिले २, त्याआधी २० भागिले ३. अशी बेरीज केली की पूर्ण संचाला सुमारे ७२ फेऱ्या लागतात, आणि त्यातल्या ४६ फक्त शेवटच्या पाच पानांसाठी! च्युइंगगमबरोबरची क्रिकेटपटूंची चित्रं ज्यांनी जमवली असतील, त्यांना हे गणित न शिकताच कळलेलं आहे.

२०१८ च्या फुटबॉल विश्वचषकाच्या वेळी कार्डिफ विद्यापीठाचे प्रा. पॉल हार्पर यांनी पानिनीच्या स्टिकर-वहीचा असाच हिशेब मांडला होता. स्टिकर ६८२, पाकिटात ५, पाकीट ८० पेन्सचं. कोणाशीही अदलाबदल न करता वही भरायची तर सरासरी ९६७ पाकिटं, म्हणजे ७७३ पौंड ६० पेन्स. मुलं शाळेच्या मैदानात स्टिकर बदलून घेतात तेव्हा ती हा खर्च झपाट्यानं खाली आणत असतात, कारण माझं दुबार ते तुझं शेवटचं असू शकतं. मला तर तो या सगळ्यातला सर्वांत शहाणा भाग वाटतो.

डेमनहाइमची पानं शोधताना जातो तो फक्त वेळ. पण हेच गणित पैशांच्या बंद पेटाऱ्याला, म्हणजे लूट बॉक्सला लावलं की चित्र पालटतं. पेटारा विकत घ्यायचा, आत काय ते उघडल्यावर कळणार, आणि नको असलेलं बदलून घ्यायची सोय बहुतेकदा नाही. ब्रिटिश संसदेच्या समितीच्या सप्टेंबर २०१९ च्या अहवालात एका पालकाची कैफियत आहे: रूनस्केपमधल्या खरेदीपायी त्यांच्या सज्ञान मुलावर ५०,००० पौंडांहून अधिक कर्ज झाल्याचं त्यात म्हटलं आहे. बेल्जियमने २०१८ मध्ये असे विकत घ्यायचे पेटारे जुगारात धरले. ब्रिटिश सरकारने मात्र जुलै २०२२ मध्ये ते जुगार कायद्याखाली न आणण्याचं ठरवलं आणि कंपन्यांनी स्वतःच मुलांना जपावं अशी अपेक्षा ठेवली. म्हणजे इथे राहणाऱ्या आपल्याला हिशेब घरीच करायचा आहे.

ॲपलच्या ॲप स्टोअरमधल्या खेळांना २०१७ च्या अखेरीपासून पेटाऱ्यातल्या वस्तूंची शक्यता जाहीर करावी लागते. मुलांबरोबर बसून तो आकडा शोधा. तो १ टक्का असेल तर १०० पेटारे घेतल्यावर वस्तू मिळणारच, असं मुलांना वाटतं. प्रत्यक्षात १०० वेळा पैसे मोजूनही ती न मिळण्याची शक्यता सुमारे ३७ टक्के उरते. कॅल्क्युलेटरवर ०.९९ चा शंभरावा घात काढायला लावा, त्यांचं त्यांना दिसेल.