नवऱ्याला मार बसतो तेव्हा

वाशीत, कोपरखैरण्यात एखाद्याला बायको मारत असेल, तर तो सहसा गप्प बसतो. लोक हसतील ही भीती माराहून मोठी असते. २००५ चा कौटुंबिक हिंसाचार कायदा त्याच्या कामाचा नाही, त्यात पीडित व्यक्ती स्त्रीच आहे. स्त्रियांचे हाल पाहता तो कायदा हवाच. पण नवऱ्यालाही ११२ वर मदत मागता येते. भारतीय न्याय संहितेच्या कलम ११५ खाली मारहाण हा गुन्हाच, मारणारं कुणीही असो. साधी दुखापत अदखलपात्र ठरते, पोलीस एनसी म्हणजे अदखलपात्र नोंद करतात, तपास आपोआप होत नाही. म्हणून महापालिकेच्या रुग्णालयात जखमा दाखवून कागद जपून ठेवावेत.

क्रूरतेच्या कारणावरून नवऱ्यालाही घटस्फोट मागता येतो. पुण्यात सुरू झालेल्या एका खटल्यात १९७५ साली सर्वोच्च न्यायालयाचे न्या. यशवंत चंद्रचूड यांनी बायकोच्या शिव्या आणि जीव देण्याच्या धमक्या ही क्रूरताच मानली. तरी नवरा हरला! पुढेही दोघं एकत्र नांदली, म्हणजे त्याने माफ केलं, असं ठरलं. मुलांसाठी सोसत राहणाऱ्याने याबद्दल वकिलाला पहिल्याच भेटीत विचारावं. जीव नकोसा झाला असेल तर १४४१६ या टेली-मानस क्रमांकावर चोवीस तास, मोफत आणि मराठीतून बोलता येतं.